हजेरीचा मंगळवार

कापलेली पट्टी होती ती. पाच गोळ्या, आणि मागच्या चंदेरी कागदावर इंग्रजीत नावाची शेवटची तेवढी अक्षरं शिल्लक : 'पिन ५'. पुढचं नाव कात्रीत गेलेलं. दादाच्या शर्टाच्या खिशातनं मी ती बाहेर काढली तेव्हा त्याला तुरुंगाच्या फाटकाबाहेर येऊन तासभरही झाला नव्हता. जून २०२० होता. काचेला ई-पास चिकटवलेल्या भाड्याच्या गाडीतनं आम्ही गावाकडं निघालो होतो, तोंडाला रुमाल बांधून.

"कसली गोळी ही?"

"झोपंची."

"कधीपासनं घेतोयस?"

"झालं असंल वरीसभर."

मांडीवर सुटकेचे कागद होते. त्यात दादाची उंची होती, डाव्या भुवईवरचा व्रण होता, जातमुचलक्याची रक्कम होती, कोणत्या पोलीस ठाण्यात किती दिवसांनी तोंड दाखवायचं ते होतं. मी तीनदा वाचले. त्याला काय झालंय आणि तो कोणतं औषध घेतो, याबद्दल एक ओळ नव्हती. पुढची साडेचार वर्षं मी त्या एका ओळीच्या मागं फिरले, असं म्हटलं तरी चालेल.

माझा भाऊ निर्दोष वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकते. २०१६ च्या ऑक्टोबरात कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरनं भांडण झालं. दोघंही प्यालेले. दादाच्या हातात खोरं होतं. माणूस गेला. ३०४ भाग दोन, सदोष मनुष्यवध, सात वर्षं. ज्यांच्या घरातला माणूस गेला ते आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहतात. त्यांच्या बाजूनं बघितलं तर मी लिहितेय ते सगळं लाडच वाटतील, आणि तसं वाटायचा त्यांना हक्क आहे.

कोविड आला आणि तुरुंग भरलेले, म्हणून शासनानं ८ मे २०२० ला रजेच्या नियमात बदल केला. सात वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षा असलेल्यांना अर्जावर पंचेचाळीस दिवसांची तातडीची अभिवचन रजा, आणि साथ आहे तोवर पुढं तीस-तीस दिवसांची वाढ. अट एकच महत्त्वाची : दर तीस दिवसांत एकदा ठाण्यात हजेरी.

इथं एक गोष्ट लोकांना समजावून सांगताना माझा घसा कोरडा पडतो. पॅरोल म्हटलं की सिनेमात बघितलेलं आठवतं, कुणीतरी अधिकारी असतो, तो भेटायला येतो, काम बघून देतो. आपल्याकडं पॅरोल म्हणजे रजा. १९५९ च्या नियमांत दोन रजा आहेत, संचित आणि अभिवचन; पहिलीला लोक फर्लो म्हणतात, दुसरीला पॅरोल. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरतात, अभिवचन रजेचे धरत नाहीत. म्हणजे दादा जितके दिवस घरी राहणार तितके दिवस शेवटाला जोडले जाणार. आणि बाहेर त्याच्याकडं बघणारं सरकारी माणूस म्हणाल तर ठाण्यातला रजिस्टरवाला. बाकी आई आणि मी. मी पतसंस्थेत कारकून आहे.

गावात घरी नेताच आलं नाही. ग्रामपंचायतीनं ठरवलेलं, बाहेरून येणारा प्रत्येक जण चौदा दिवस मराठी शाळेत. मुंबईहून आलेली दोन पोरं आणि दादा, तिघांना तिसरीच्या वर्गात ठेवलं. पोरांनी पहिल्याच दिवशी आपली सतरंजी व्हरांड्यात ओढली. जेलमधनं आलेल्या माणसाबरोबर एका खोलीत झोपायला ती तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ती पट्टी घेऊन तालुक्याच्या मेडिकलात गेले. दुकानदार जुना, शांत माणूस. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं पट्टी उजेडात धरली. म्हणाला, "ताई, 'पिन'नं संपणारी औषधं पुष्कळ. पण पाच मिलिग्रॅम म्हणजे एक तर ओलान्झापिन, नाहीतर बीपीची अम्लोडिपिन. भावाला बीपी आहे?"

"नाही."

"डोक्याचं काही?"

मला उत्तर देता येईना. लॉकडाऊनच्या आधीच्या शेवटच्या मुलाखतीत दादानं जाळीपलीकडनं मला विचारलं होतं, "तुला बाहेर कोण हाक मारतंय का बघ." मी मागं वळून बघितलंही होतं. कोणी नव्हतं. मुलाखतीचा गलका असतो, तसं काहीतरी ऐकू आलं असेल, असं धरून मी बसने घरी आले होते.

चिठ्ठीशिवाय ते औषध तो देऊ शकत नव्हता, आणि नाही दिलं तेच बरोबर. मी तुरुंगात फोन लावला. चौथ्या दिवशी उचलला. "बंदी आता आमच्या ताब्यात नाही, माहिती देता येत नाही. लेखी पाठवा." लेखी पाठवलं. उत्तर आलं नाही. तोवर पाच गोळ्या शाळेतच संपल्या होत्या.

घरी आल्यावर पहिल्या रात्रीच आईचं आणि त्याचं वाजलं, दिव्यावरनं. बराकीत रात्रभर दिवा चालू असतो. चार वर्षांत दादाला अंधारात झोपायची सवय राहिली नव्हती. आई दिवा बंद करायची, तो उठून लावायचा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला अंगणात कुठंही असला तरी आत येऊन भिंतीकडेला उकिडवा बसायचा आणि शेजारी एका माणसाएवढी जागा मोकळी ठेवायचा. आई म्हणायची, "कुणाची वाट बघतूस?" तो म्हणायचा, "गिनती." तुरुंगातली कैद्यांची मोजणी. आम्ही हसलो. खरंच हसलो, आता लाज वाटते.

मग गटारी आली. २० जुलै. चुलतभाऊ न्यायला आला, रश्श्याला. मी नको म्हटलं, आई म्हणाली चार वर्षांनी आलंय पोरगं, जाऊ दे. रात्री परत आला तो झिंगलेलाच. त्या दिवसापासून पुढचा एक महिना रोज. ज्या आवाजांना गोळीनं थोपवलेलं ते परत आले होते आणि ते गप्प करायला त्याला दुसरं काही माहीत नव्हतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त चपट्या दिसत होत्या, गोठ्यात, वैरणीखाली.

२२ ऑगस्टला गणपती. आदल्या दिवशी त्यानं आईच्या पायावर हात ठेवून सांगितलं, गणपती घरात आहेत तोवर थेंब घेणार नाही. आणि खरंच घेतली नाही. आम्हाला वाटलं, देवानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी आरतीला टाळ धरताना त्याचे हात असे थरथरत होते की टाळ आपोआप वाजत होते. रात्री दीडला फिट आली. दातखीळ, तोंडाला फेस, आणि नंतर बराच वेळ घशातनं घरघर. आईनं नाकाशी कांदा धरला. मी १०८ ला फोन केला.

रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्याच्या पुढं भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं, हे कोणीही आम्हाला सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडं उलटंच शिकवतात, निश्चय कर आणि आजपासून बंद कर. सोडायचीच असते, पण अशा माणसानं ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायची.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. अपघात विभागात मी भाबडेपणानं सगळं खरं सांगितलं, तर पहिला प्रश्न आला : "कैदी आहे? मग पोलीस कुठंय?" रजेवर आहे, पोलीस लागत नाही, हे मी कागद दाखवून सांगत होते. "ठाण्याचं पत्र आणा." रात्रीचे तीन वाजलेले. कोविडमुळं निम्मे वॉर्ड बंद. स्ट्रेचरवर दादा छतावरच्या कुणाशी तरी बोलत होता. मी तिथंच फरशीवर बसले आणि म्हणाले, लिहून द्या की पत्राशिवाय घेणार नाही. कुणी लिहून दिलं नाही. वीस मिनिटांनी खाट मिळाली. हा डाव मी पुढं तीन ठिकाणी वापरला. 'लिहून द्या' म्हटलं की माणसं विचार करतात.

सकाळी ज्या मॅडम आल्या त्या मनोविकार विभागाच्या. त्यांनी आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला लावलं, मगच ग्लुकोजची बाटली. पिणाऱ्या माणसाला आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, हे त्यांनी शिकाऊ पोराला समजावलं ते मी ऐकलं. तीन दिवस दादा आमच्यात नव्हता. हात बँडेजनं खाटेला बांधलेले. तो मोठ्यानं आकडे मोजायचा, एकशे बेचाळीस, एकशे त्रेचाळीस, आणि कुठंतरी चुकलं की रडायचा, परत एकपासून.

चौथ्या दिवशी मॅडमनी मला बसवून एक प्रश्न विचारला, जो चार वर्षांत कुणी विचारला नव्हता : "आवाज आधी, की दारू आधी?"

दारू आधी, विशीपासून. पण आवाज आले ते तुरुंगातल्या तिसऱ्या वर्षी, तेव्हा तो थेंब न घेता राहत होता. "म्हणजे आवाज दारूमुळं नाहीत," त्या म्हणाल्या. "दोन दुखणी आहेत. दोन्ही एकदम बघायची." मी त्यांना कापलेली पट्टी दाखवली. त्यांनी ती फाइलमध्ये लावून घेतली आणि ओलान्झापिन सुरू केलं.

ऐकायला हे साधं वाटतं. पण घरी आल्यावर मी एका व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला तर ते म्हणाले, मानसिक पेशंट घेत नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, आधी दारू सुटू दे, मग मनाचं बघू. तिकडचे इकडं ढकलतात, इकडचे तिकडं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं ते मनोरुग्णालयाच्याच आवारात. दोन्ही दुखणी शेजारी-शेजारी असतात हे आपल्याकडं कुणाला नवीन नाही, फक्त आमच्या तालुक्यापर्यंत ते पोचलं नव्हतं.

सल्ले मात्र भरपूर पोचले. मावशीनं अंगारा आणला. मामा म्हणाला, माळ घाल. माळ घातलेली माणसं खरंच पीत नाहीत, आमच्या गावात अशी दहा घरं आहेत, म्हणून मी त्याला कधी हसले नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, माळ घालू दे, गोळी मात्र सोडायची नाही. चुलतभाऊ, तोच गटारीचा, चहातनं न सांगता द्यायची पावडर घेऊन आला. त्यावर मात्र मॅडम चिडल्या. त्यात काय असतं कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर छातीत धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली, जीवही जाऊ शकतो. ते द्यायचं तर त्याला सांगून, त्याच्या मर्जीनं.

खरी गाडी रुळावर आली ती मंगळवारामुळं.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं ठरलेल्या मंगळवारी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात यायची. चार आठवड्यांच्या गोळ्या मिळायच्या. ठाण्याची हजेरी वेगळ्या दिवशी. म्हणजे महिन्यातनं दोनदा दादाला तालुक्याला न्यायचं, दोनदा माझी रजा, आणि एसटी स्टँडवरनं ठाण्यात जायच्या रस्त्यावर देशीचं दुकान. सप्टेंबरच्या हजेरीला साहेब बंदोबस्तावर, म्हणून सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत बाकावर बसवलं. चार वाजता सही झाली. दुकान समोरच. मी हात धरून ओढत आणला त्याला, भर रस्त्यात, सेहेचाळिशीकडं निघालेल्या माणसाला.

ऑक्टोबरात मी हवालदारांना एक अर्ज दिला. हजेरी दर चौथ्या मंगळवारी घ्यावी, अठ्ठावीस दिवस होतात, म्हणजे तीसच्या आतच, आणि त्याच दिवशी दवाखाना असतो. सोबत केसपेपरची झेरॉक्स. त्यांनी वाचलं, दादाकडं बघितलं, मिशीवरनं हात फिरवला. म्हणाले, "सकाळी साडेनवाला आणा. मी रोज नवाला असतो." एवढंच. त्या माणसाची बदली होईपर्यंत दादाला पाच मिनिटांच्या वर कधी बसावं लागलं नाही.

रस्ताही बदलला. स्कूटीवरनं कालव्याच्या कडेनं गेलं की देशीचं दुकान लागत नाही आणि ती गल्लीही टळते. पण जिथं ते भांडण झालं तो कालव्याचा दरवाजा त्याच रस्त्यावर आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मागनं दादा म्हणाला, "थांबीव जरा." थांबवली. तो उतरला नाही. पाणी नव्हतं कालव्यात. "चल," म्हणाला. पुढं दर चौथ्या मंगळवारी त्या ठिकाणी आला की तो डोक्यावरची टोपी काढायचा आणि पूल गेला की घालायचा. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

सगळ्यात वाईट होतं ते तारखेचं. रजा तीस-तीस दिवसांनी वाढायची, आणि वाढली की नाही हे आम्हाला कळायला उशीर व्हायचा. दर महिन्याला गावात बोभाटा, 'बोलावलंय सगळ्यांना.' दादानं दाराच्या मागं पिशवी भरून ठेवलेली, दोन बनियन, टॉवेल, प्लास्टिकचा मग. आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला उद्याचा भरवसा नसणं म्हणजे काय, ते ती पिशवी बघून कळायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये असाच बोभाटा झाला आणि तो पिऊन आला. ह्या वेळी सकाळी स्वतःच म्हणाला, "मंगळवारी सांगू का मीच?" मॅडम रागावल्या नाहीत. किती घेतली, कधीपासून, गोळ्या किती चुकल्या, असं साखरेच्या पेशंटला विचारावं तसं विचारलं. त्यानंतर माझ्या मोबाइलवर तो दारू सोडू बघणाऱ्यांच्या, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या ऑनलाइन मीटिंगला बसू लागला. कॅमेरा बंद ठेवून, गोठ्यात. एकदा मी धार काढायला गेले तर तो फोनला सांगत होता, "मी माणूस मारलाय." पलीकडनं कुणीतरी म्हणालं, "ऐकतोय, बोला."

वहिनी आली नाही. पोरांना घेऊन माहेरीच राहिली. मी तिला दोष देत नाही.

४ मे २०२२ ला आदेश निघाला, तातडीच्या रजा संपल्या, पंधरा दिवसांत हजर व्हा. अनेक जण गेले नाहीत, त्यांच्यावर २२४ कलमाखाली नवे गुन्हे लागले. दादानं पिशवी उचलली. पण आता माझी पिशवी वेगळी होती. विधी सेवा प्राधिकरणाच्या एका स्वयंसेवक बाईंनी मला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा समजावलेला. कलम १०३ कैद्यांच्या उपचाराचं. कलम २५, रुग्णाला स्वतःचे वैद्यकीय कागद मागायचा हक्क. कलम १४, आपल्या वतीनं बोलायला एक माणूस नेमता येतो, साध्या कागदावर लिहून सही करून. दादानं तो कागद स्वतःच्या अक्षरात लिहिला. 'माझी बहीण' एवढे दोन शब्द लिहायला त्याला बराच वेळ लागला, हात अजून थोडा थरथरतो.

फाटकावर मी फाइल दिली : डिस्चार्ज कार्ड, मॅडमचं पत्र, औषधांची नावं मात्रेसकट, नेमणुकीचा कागद.

"बाहेरची औषधं आत घेत नाही."

"औषधं नाहीत, कागद आहेत. दवाखान्यात द्या. आणि पोच द्या."

"पोच देत नाही."

"मग लिहून द्या, की घेत नाही."

दादा माझ्याकडं बघून हसला. मला वाटतं, २०१६ नंतर पहिल्यांदा. शिक्का मिळायला दीड तास गेला. तो अर्धवट उठलेला जांभळा गोल मी लॅमिनेट करून ठेवलाय.

आत सगळं सुरळीत झालं असं नाही. दोनदा गोळी बदलली गेली, एकदा तीन आठवडे मिळाली नाही. पण आता मुलाखतीला मी पहिलं तेच विचारायची आणि तो नाव सांगू शकायचा, पूर्ण, मात्रेसकट. मध्यंतरी, २०२२ च्या ऑक्टोबरात, १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा सुरू झाली. आईनं एकदा त्यावर फोन केला, दादासाठी नाही, स्वतःसाठी. अर्धा तास बोलली. काय बोलली ते मला सांगितलं नाही.

रजेचे तेवीस महिने जोडून आणि माफीचे दिवस वजा जाऊन दादा कायमचा सुटला तो २९ नोव्हेंबर २०२४, शुक्रवारी. बाहेर येऊन त्यानं आईच्या पाया पडायच्या आधी खिशातनं एक घडी काढून माझ्या हातात दिली. तुरुंगाच्या दवाखान्याची चिठ्ठी. औषधाचं स्पेलिंग चुकलेलं होतं, पण नाव होतं, मात्रा होती, सही होती. सोबत न कापलेली दहाची पट्टी.

गाडीत बसल्यावर त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.

"मंगळवार तीन तारखेला येतुया."

"आता हजेरी नाही दादा. संपलं ते."

"दवाखाना हाय की." मग जरा थांबून, "कालव्यानंच जाऊया."